भिंतीतलं पाणी

मावशीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही, आणि भाचीला तर हवी होती शांतता. भाची शहरातल्या पाण्याचे आवाज गोळा करायची. गटारांची झाकणं, गच्चीवरच्या टाक्या, रस्त्याखालचे नळ, सगळ्यांना तिचा मायक्रोफोन लावून झाला होता. त्यातून प्रदर्शन मांडायचं होतं: एक अंधारी खोली आणि चहूबाजूंनी नुसतं पाणी. मनासारखा आवाज मात्र सापडला तो मावशीच्या स्वयंपाकघरात. ओट्यामागच्या भिंतीत नळ फुटला होता आणि पाणी आतल्या आत गुणगुणत होतं.

"अगं, भिंत ओली झालीय. प्लंबरला बोलावते," मावशी म्हणाली.

"प्रदर्शन होईपर्यंत थांब ना गं. नळ दुरुस्त झाला की आवाज गेला."

"आणि भिंत गेली म्हणजे?"

"काही होत नाही. आणि रेकॉर्डिंग चालू असताना बोलू नकोस ना!"

"बरं बाई, मिठाची गुळणी धरते."

आई गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं होतं. हट्ट पुरवायची सवय जुनीच. पण गुळणी काही टिकायची नाही. मधेच खोकला, मधेच "झालं का गं?" भाची घरी जाऊन ते सगळं कापून टाकायची. पाण्यात माणसाचा आवाज आला की तिला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

पुढे पाण्याचा सूर बदलला, जाड झाला. कुणाही शहाण्या माणसाला धडकी भरली असती. ही हरखली. कान तयार होता बाईंचा, अक्कल तेवढी गहाण पडली होती.

"आणखी थोडे दिवस," ती म्हणाली, आणि मावशीनं मान डोलावली.

प्रदर्शन तोंडावर आलं असताना भरदुपारी ती भिंत कोसळली. मावशी ओट्यापाशीच उभी होती. तिला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं आणि नळ वाहतच होता.

"इतकी ओल होती, म्हातारीनं कुणाला सांगू नये?" शेजारी म्हणाले. भाची तिथंच उभी होती.

प्रदर्शन तिनं रद्द केलं. घर रिकामं झाल्यावर तिनं हेडफोन कानाला लावले. मावशीला एकदा ऐकायचं होतं, बाकी काही नको. खोकला चालला असता. तिनं एकेक रेकॉर्डिंग लावून पाहिलं. जागा पुरत नाही म्हणून मूळ रेकॉर्डिंग तिनं केव्हाच पुसली होती. उरली होती ती साफ केलेली, आणि काम तिनं चोख केलं होतं. सगळीकडे पाणीच पाणी.

एका ठिकाणी मात्र पाणी किंचित अडखळलं. जोड नीट बसला नव्हता. इथं मावशी काहीतरी बोलली होती. काय बोलली होती, ते काही केल्या आठवेना. भाची तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत बसली.