करण्यात आले

पुढाऱ्यांची भाषणं वाचण्यात झेनोविया ओस्तापिव्ना यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. इंग्रजी आणि युक्रेनियन, दोन्हीकडची. त्यातून पदरी पडलं होतं ते एकच : तिटकारा. लंडनचा मंत्री असो की इथला प्रांतसभेचा सभासद, अंग काढून घेण्याची तऱ्हा तीच. विद्यापीठाच्या वर्गात त्या सांगायच्या, "इंग्रज कर्त्याला वाक्याच्या शेपटीला बांधतो आणि मग शेपूटच छाटतो. आपला माणूस तेवढीही तसदी घेत नाही. 'करण्यात आले' म्हणाला की सुटला."

युक्रेनमध्ये मोठी लढाई पेटण्याआधीचा तो शेवटचा शरद. विभागप्रमुख प्लातोन इहोरोविच चॉकलेटांचा डबा घेऊन त्यांच्या खोलीत आले आणि एक जाडजूड प्रबंध टेबलावर ठेवला. विषय, राजकीय भाषेतली पळवाट : इंग्रजी आणि युक्रेनियन. संशोधक, वालेरियान कोरोपचाक, प्रांतसभेचे सभासद.

"हा?" झेनोविया म्हणाल्या. "याला दुकानाची पाटी तरी धड वाचता येते का?"

"माणूस उपयोगी आहे हो. वसतिगृहाचं छप्पर त्यानंच करून दिलं. तुम्ही परीक्षक आहात, दोन बरे शब्द लिहा."

"डबा घेऊन जा. मला गोड चालत नाही."

प्रबंध वाईट असता तर त्यांनी तासाभरात निकालात काढला असता. पण तो चांगला होता, आणि याचाच त्यांना संताप आला. लिहिणाऱ्याला भाषेची नस सापडली होती. कोरोपचाकला असली नस सात जन्मांत सापडली नसती. मग चौथ्या प्रकरणात एक उदाहरण आलं. नाव न देता, 'एका सभासदाचे ग्रामसभेतील उद्गार' म्हणून: 'प्रसूतिगृह बंद करण्यात आले आहे. महिलांची सोय अधिक चांगल्या ठिकाणी करण्यात आली आहे.'

झेनोविया वाचता वाचता थांबल्या. हे त्यांच्याच माहेरच्या गावात, झारुद्काच्या सभागृहात, त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बोलणारा कोरोपचाक होता. त्यानंतर पंधरवड्यानं त्यांची भाची सोलोमिया त्या अधिक चांगल्या ठिकाणी जायला निघाली आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर, शेजाऱ्याच्या गाडीत बाळंत झाली. मूल जगलं. सोलोमिया मात्र महिनाभर अंथरुणाला खिळली होती.

लिहिणाऱ्यानं मुद्दाम घातलंय हे, एवढं त्यांना कळलं. आणि कोरोपचाकनं आपल्या नावचा प्रबंध उघडूनही पाहिलेला नाही, हेही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी पाच परीक्षक बसले होते. नियमाप्रमाणे सगळं इंटरनेटवर थेट दिसत होतं. कोरोपचाक नवा सूट घालून, लग्नघरातल्या व्याह्यासारखा सगळ्यांकडे बघून हसत होता.

"चौथ्या प्रकरणातलं प्रसूतिगृहाचं उदाहरण वाचा," झेनोविया म्हणाल्या. "आणि त्याखालचं तुमचं मतही."

त्यानं पानं चाळली, मदतनिसानं पान काढून दिलं. तो ठसक्यात वाचू लागला, "'...येथे वक्त्याने स्वतःला वाक्यातून वगळले आहे. निर्णय त्याचा, पण धारिष्ट नाही. श्रोत्यांना तो मूर्ख समजतो.'" मान वर करून तो म्हणाला, "अगदी खरं आहे. असे भित्रे लोक राजकारणात फार झालेत."

"हा भित्रा कोण?"

"ते... नाव देणं शास्त्राला धरून नसतं."

"मी देते. झारुद्का गाव, गेल्या वर्षीचा मार्च. बोलणारे तुम्ही. मी तिसऱ्या रांगेत होते."

प्लातोन इहोरोविच पाण्याचा ग्लास शोधू लागले. कोरोपचाकच्या मानेवर लाली चढली. तो म्हणाला, "त्या वेळच्या परिस्थितीत तसं बोलण्यात आलं असेल."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. झेनोवियांना हसूही आलं नाही. इतक्या सुमार माणसावर आपण पानंच्या पानं टिपणं काढली, या विचारानंच त्यांना शिसारी आली.

मतदान झालं. चार बाजूनं, एक विरुद्ध. बाजूनं मत देणाऱ्या चौघांनी हात वर करताना टेबलाकडे बघितलं. कोरोपचाक डॉक्टर झाला आणि सगळे मेजवानीला गेले.

झेनोविया बसच्या थांब्यावर उभ्या होत्या, तेवढ्यात त्यांचा जुना विद्यार्थी उस्तिम बाराबोल्या धापा टाकत आला. हुशार पोरगा. विद्यापीठात जागा मिळाली नाही म्हणून खासगी वर्गात इंग्रजी शिकवत होता.

"बाई, पाहिलं मी सगळं. मीच लिहिला तो प्रबंध."

"अंदाज होता. अशी वाक्यं मी एकालाच शिकवली."

"मुद्दाम घातलं होतं ते. तुम्ही परीक्षक असणार आणि तुमच्या माहेरचं ते बोलणं ओळखणार, हे माहीत होतं. मी लिहिला म्हणून तर कोरोपचाक सापडला."

"तू लिहिलास म्हणून तो डॉक्टर झाला," झेनोविया म्हणाल्या. "तो गाढव आहे, त्याचं सोड. तुला अक्कल होती, ती तू त्याला पायपुसणं म्हणून दिलीस. वर माझ्याकडून शाबासकी हवी?"

उस्तिमचा चेहरा पडला. "मग मी काय करायला हवं होतं?"

"तेव्हाचं गेलं. आज काय करतोस ते बघ."

"तक्रार केली तर माझे वर्ग जातील."

"जातील," त्या म्हणाल्या आणि आलेल्या बसमध्ये चढल्या.

आठवड्यानं उस्तिमनं शिक्षण मंत्रालयाला लिहिलं, सोबत मूळ मसुदे जोडले. खाली सही, पूर्ण नाव. कोरोपचाकची पदवी लढाईच्या आधीच रद्द झाली. उस्तिमचे वर्गही त्याच महिन्यात गेले. तेव्हा झेनोवियांनी प्लातोन इहोरोविचांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "साहाय्यकाची जागा रिकामी आहे. बाराबोल्याला घ्या."

"त्याला? त्यानं तर विभागाचं नाक कापलं."

"नाक होतं का विभागाला?" असं म्हणून त्या खुर्ची ओढून बसल्या. अर्जावर सही होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.