मौनगिरी महाराजांची पेज

उजाडायच्या आत देवळापुढे बायकांची ही झुंबड! कडेवर पोर, हातात वाटी. मधोमध चुलीवर पेजेचं तपेलं आणि त्यामागे मौनगिरी महाराज. नाव मौनगिरी, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"अलख निरंजन! ही सिद्धपेज! न्याहारीला एक वाटी पाजा. पोर दिवेलागणीपर्यंत रडलं तर माझ्या जटा कापा!"

आणि खरंच पोरं रडत नव्हती. आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठचं, मिठागरांवर पोसलेलं. बायका दिवसभर मिठाच्या टोपल्या वाहणार, तान्ही पोरं घरी म्हाताऱ्यांच्या गळ्यात. त्यांचा टाहो थांबल्यावर आयांना महाराज देव वाटले, यात नवल काय! तांदूळ, नारळ, सुकी मासळी, सगळं देवळात जाऊ लागलं. संन्याशाला मासळीही वर्ज्य नव्हती.

मी गावचा शाळामास्तर. सरळ विचारलं, "महाराज, पेजेत घालता काय?"

"नाचणी, गूळ, सुंठ. आणि हिमालयातली एक मुळी. तिचं नाव घेतलं की गुण गेला!"

झालं! औषधाचं नाव सांगू नये, हे तर आमच्याकडचं बाळकडू. बायकांनी वाट्या पुढे केल्या.

वर महाराजांनी दुसरा चमत्कार पुढे केला, नाथा! हा गावचा जुना अफूबाज. गोळी चढवल्याशिवाय त्याला अंथरुणातून उठवत नसे. पण हल्ली तो कल्याणच्या सरकारमान्य अफूच्या दुकानाकडे फिरकला नव्हता. महाराज त्याला रोज रांगेत पहिला उभा करत. "बघा! पेजेनं व्यसन सुटलं!"

लोकांनी हात जोडले. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. जन्माची सवय, आणि अंगाला साधा कंपसुद्धा न सुटता गेली?

त्याच दिवशी तुळसा पोर घेऊन माझ्या दारात आली. "मास्तर, रडत नाय हे खरं. पन हसत बी नाय, दूध बी मागत नाय. बघा कसा झालाय!"

पोराच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. घरातल्या अंधारातही डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. नाथाचे डोळे अजूनही असेच. माझा संशय मी तिला सांगितला आणि म्हणालो, "नाथाला एक दिवस पेज मिळू नये, म्हणजे कळेल."

दुसऱ्या दिवशी पहिली वाटी भरायच्या आत तुळसानं तपेलं चुलीवरून खाली ओढलं, वर पाटा ठेवला आणि पुढ्यात मांडी ठोकली.

"मुळीचं नाव सांगा. नायतर आज कुनालाच पेज नाय!"

"गुण जाईल, मूर्ख बाई!"

"जाऊ द्या! माजं पोर चाललंय, त्याचं काय?"

तिची सासू बायजा अंगावर धावली, "भवाने, देव कोपंल!" मी मधे पडलो. महाराजांनी सात पिढ्यांना शाप दिला. तुळसा हलली नाही. बायका मिठागरावर जायचं विसरल्या.

ऊन चढलं तसा नाथा जांभया देऊ लागला. मग नाक गळायला लागलं, अंगावर काटा आला, पोटऱ्या आवळून तो गडाबडा लोळू लागला. शेवटी ओरडला, "दे गं घोटभर! अफूची बोंडं हायेत त्याच्यात, चव मना पयल्याच दिवशी कळली!"

"मग बोलला का नाय, मेल्या?"

"फुकट मिळत होती ना!"

मग बायजानंच महाराजांची झोळी उपडी केली. मुळी कुठली! खसखशीची, म्हणजे अफूचीच, वाळकी बोंडं आणि त्यांची भुकटी. पुढे बायकांनी जटांचं काय केलं ते सांगत नाही. पाटलांनी त्याला ठाण्याच्या चौकीत पोचवलं आणि आम्ही पोरं डॉक्टरांकडे नेली.

तुळसाच्या पोरानं मग रडून आळी डोक्यावर घेतली. शेजारणी कुरकुरल्या, त्यापेक्षा पेज बरी होती! तुळसा म्हणाली, "रडंल! भूक लागल्यावर रडायचं नाय तर काय करायचं?" आणि पोराला पदराखाली घेतलं. ते दूध प्यायला लागलं तेव्हा माझेच डोळे भरून आले.

माझं भांडण देवाशी नाही. पण बायांनो, बाबांनो, पोराच्या तोंडात काही घालण्याआधी ते हातावर घ्या, हुंगा, चाखा, आणि देणाऱ्याला तोंडावर विचारा, यात काय काय आहे? जो सांगत नाही, त्याची वाटी तिथेच उपडी करा.