आठ चाकं आणि एक बूच

आमच्या इमारतीत कोणाचीही गाडी पाण्यात चालत नाही आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नाही. माझं अडत होतं. म्हणून मी जमिनीवर आणि पाण्यावर, दोन्हीकडे चालणारी आठ चाकांची उघडी गाडी घेतली. वय एकोणपन्नास, नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्याची. म्हणजे लोकांचा निष्काळजीपणा शोधून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम.

सहा महिने गाडी खाली उभीच होती. चिखल तिने पाहिला तो फक्त इमारतीची टाकी धुतली तेव्हाचा. शेवटी बायकोने निकाल दिला, "रविवारी मला तळ्यापलीकडे कोरडी पोचव. पोचवलंस तर विषय बंद. नाहीतर सोमवारी गाडी विकायची."

रविवारी सकाळी मी गाडीला नवरीसारखं न्हाऊमाखू घातलं. आत साचलेलं पाणी सोडायला तिच्या बुडाला एक भोक असतं, त्याला बूच असतं. ते काढलं, पाणी सोडलं आणि मग चाकं पुसण्यात रमलो.

तळ्यावर सासरे साक्षीला हजर होते. "गुडघ्यांना ते चढणं-उतरणं जमायचं नाही," म्हणाले, "मी आपला काठाकाठाने येतो."

गाडी पाण्यात शिरली आणि चक्क तरंगली. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. फिरती चाकंच पाणी मागे लोटतात आणि गाडी पुढे जाते, असं माहितीपत्रकात होतं. किती वेळात, ते नव्हतं. एक बदक शेजारून आलं, आमच्याकडे बघून पुढे निघून गेलं. काठावरून काठी उंचावत सासरे ओरडले, "जावईबापू, मी पुढे जाऊन बसतो हं! तुम्ही या सावकाश!"

मध्यावर बायको म्हणाली, "माझे पाय ओले झालेत."

"शिंतोडे उडतात थोडे."

"घोट्यापर्यंत?"

मी खाली पाहिलं. पंचवीस वर्षांचा अनुभव. कारण लगेच कळलं. सांगायला वेळ लागला.

"बूच," मी म्हणालो. "काळं, रबरी, अंगठ्याएवढं."

तिने पर्स उघडली. "हे? सकाळी नळापाशी पडलं होतं. म्हटलं, बेसिनचं असेल. लाव मग!"

"ते बाहेरून लागतं."

"मग जा की बाहेर."

मला पोहता येत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे.

उरलेलं तळं आम्ही, तिने त्या भोकावर टाच दाबून आणि मी एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने थर्मासच्या झाकणाने पाणी उपसत, पार केलं. सासरे बाकावर पेपर वाचत होते. क्रीडापानापर्यंत पोचले होते.

"कोरडी ठरलं होतं ना गं?" त्यांनी लेकीच्या निथळत्या कपड्यांकडे बघत विचारलं.

सोमवारी मी मुकाट्याने जाहिरात लिहिली. 'एकहाती वापर. पाण्यात एकदाच.'

"थांब," बायको म्हणाली. "शनिवारी मावशी येतेय. नुसतं सांगून तिला पटणार आहे का? गाडी दाखवायला नको?"

मावशीनंतर तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या, मग आत्तेभाऊ सहकुटुंब. गाडी अजून आमच्याकडेच आहे. विकायचं नाव काढलं की बायकोच आडवी येते. बूच दारामागच्या खुंटीला, किल्ल्यांशेजारी टांगलंय.

परवा मी जरा आवाज चढवून म्हणालो, "गॅस चालूच ठेवलास. एवढंसं लक्षात राहत नाही?"

तिने फक्त खुंटीकडे पाहिलं.

मी उठून गॅस बंद केला.