साध्या काचेचा चष्मा

मारिट हॅल्वरसन आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आली ती जाड फ्रेमचा चष्मा नाकावर चढवून, आणि मी काउंटरवरूनच ओळखलं की काच साधी आहे. माझा जन्म चष्मे विकण्यात गेलाय. नंबराच्या काचेमागे गालाची कड जराशी सरकलेली दिसते, हिची जागच्या जागी! मी मुद्दाम म्हणायचे, "आण गं, पुसून देते." की ही टुणकन मागे. "नको नको, आत्ताच पुसलाय!"

पोरगी कॉलेजात जीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. पुढे ऑप्टोमेट्रीला जायचं, तर आधी एखाद्या डोळे तपासणाऱ्या डॉक्टरमागे उभं राहून काम पाहायचं आणि त्याचं शिफारसपत्र न्यायचं, ही इथे अमेरिकेत, आमच्या आयोवातली रीत. रसायनशास्त्रात बाईसाहेबांनी दिवे लावलेले, त्यामुळे सगळी भिस्त आमच्या डॉक्टर टॉलेफसनच्या पत्रावर. आणि हा म्हातारा महाखट! असं काम पाहायला आलेल्या आधीच्या दोघांना त्याने पत्र न देता नुसता हात मिळवून वाटेला लावलं होतं.

अर्जाचा निबंध तिने मला वाचायला दिला. तिसरीत चष्मा लागला आणि घातल्याबरोबर झाडाचं पान न् पान दिसलं म्हणे! अगं बाई, इथे येणारं प्रत्येक पोर तेच झाड दाखवतं. मी तोंडावर म्हटलं, "छान लिहिलंयस." आणि आत जाऊन डॉक्टरला म्हटलं, "ही काही कबूल करायची नाही."

"करेल," तो म्हणाला.

झालं, डोनटची पैज लागली.

तिच्या इथल्या शेवटच्या शनिवारी डॉक्टरने तिला खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस. पत्र लिहायच्या आधी तुझा नंबर तरी बघू."

तिचा चेहरा असा पडला की मला हसावं की रडावं कळेना. दिवा मालवला, भिंगांचं यंत्र तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"हे बरं की हे?" खट्.

"दुसरं."

"आता हे की हे?" खट्.

"हे जास्त स्पष्ट आहे!"

मी दारातून पाहत होते. या लबाडाने भिंग बदललंच नव्हतं! यंत्राला हात नाही, काही नाही, नुसता खिशातल्या पेनाचा खटका वाजवत होता. आणि ही दर खटक्याला छान-छान म्हणत सुटलेली. मी स्वेटरची बाही तोंडात कोंबली.

"आणि आता?" खट्.

तिने डोळे मिटून पुन्हा उघडले.

"डॉक्टर, सगळं सारखंच दिसतंय. पहिल्यापासून."

"मग 'स्पष्ट आहे' कशाला म्हणालीस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"पेशंटही हेच करतात. मग चुकीचा चष्मा घालून डोकं धरून बसतात."

तिने यंत्र बाजूला सारलं. डोळे डबडबलेले. "माझे डोळे ठणठणीत आहेत. चष्मा खोटा, झाडाची पानं खोटी. चष्मा नसलेल्याला कोण घेईल असं वाटलं मला. पत्र नका देऊ."

"ते आम्हाला तू आलीस तेव्हाच कळलं होतं," डॉक्टर म्हणाला. "व्हर्ना, डोनट आण. आता खरं सांग पोरी, तुला हेच का करायचंय?"

तिने नाक पुसलं. "आमच्या घरी पाच भाऊ. हे बरं वाटतं की ते, असं मला कधी कुणी विचारलंच नाही. तुम्ही इथे कुणालाही विचारता. आणि तो उत्तर देईपर्यंत थांबता."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मलाही घरी कोण विचारतं! डॉक्टर खिडकीकडे बघत चष्मा पुसत राहिला.

"हे लिही निबंधात," तो म्हणाला. "पत्र मी देतो. बाहेर एंगल बसलाय, त्याला आत घे. भिंगं मी फिरवतो, विचारायचं तू."

एंगल म्हणजे आमचा जुना पेशंट, मुलखाचा हट्टी माणूस. मी डोनट आणायचे सोडून दारातच उभी राहिले.

"हे बरं की हे?" मारिटने हळूच विचारलं.

एंगलने चांगलं लांबवलं. खाकरला, पाय हलवले, हनुवटी खाजवली, आणि म्हणाला, "तिसरं."

"बरं," ती म्हणाली, "परत विचारते. तुम्ही सावकाश बघा."

आणि ती थांबली.