उसना खोकला

डॉक्टरीणबाईंनी "खोकून दाखवा" म्हटल्यावर शिंप्याने जो खोकला काढला, तो इतका खोटा होता की त्याची त्यालाच लाज वाटली. शेजारी बसलेल्या बायकोने डोळे वटारले, तसा पुढचा जरा बरा निघाला.

खोकला त्याचा नव्हताच, बायकोचा होता. पण पातळ भिंतीपलीकडे झोपणाऱ्या लेकीला एवढंच कळायचं, की आईबाबांच्या खोलीत कुणीतरी खोकतंय. जन्मभर सिगारेटी फुंकलेला माणूस घरात असताना संशय दुसऱ्या कुणावर कशाला जाईल? चोर सोडून संन्याशाला फाशी! संन्यासी तोही नव्हता म्हणा. पण बिचाऱ्याने काढे प्यायले, वाफा घेतल्या, वर लेकीची बोलणी खाल्ली.

खरं सांगायची सोय नव्हती. बायकोने त्याचा हात झोपलेल्या नातीच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती. "खोकला म्हटलं की पोर माझ्यापासून तोडतील. माझ्या कुशीशिवाय झोपत नाही ती. तुम्ही बोललात तर बघा!" दीड वर्षाच्या पोरीच्या डोक्यावरची शपथ. मोडायची कशी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी लेकीने दवाखान्यात न्यायचं ठरवलं, तेव्हा त्याने एकच हट्ट धरला, तुझी आई येणार असेल तरच येईन. एकदा डॉक्टरसमोर बसली की तिला उबळ येईल आणि बिंग आपोआप फुटेल, असा त्याचा हिशेब. नातीला शेजारणीकडे ठेवून तिघं निघाली.

पण बायको खमकी. तोंडात खडीसाखर धरून ढिम्म बसली होती.

"रात्री घाम येतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"येतो. उशी भिजते."

"वजन उतरलंय?"

"कमरेला तीन इंच," शिंपी म्हणाला. बायकोचे कपडे आत घ्यायचं काम त्याचंच, त्यामुळे तोंडून निघून गेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. मग छातीला, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "छाती तर स्वच्छ आहे तुमची, आजोबा."

लेकीचा जीव भांड्यात पडला. बायको सगळ्यांच्या आधी उठली. "बरं झालं बाई. चला." तिचा हात दाराच्या कडीवर गेला. आज ही बाहेर पडली की पुन्हा इथली पायरी चढणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"खोकला हिचा आहे," तो म्हणाला. "दोन महिने झाले. परवा थुंकीत रक्तसुद्धा दिसलं."

"आई?" लेक तिच्याकडे वळली.

"पोरीची शपथ मोडलीत!" बायको कडाडली. "तिला काही झालं ना, तर..." आणि एवढा वेळ दाबून धरलेला खोकला उसळून आला. दाराला धरून ती वाकली, तो थांबेचना. डॉक्टरीणबाईंनी खिडकी उघडली, तिच्या हातात मास्क दिला आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आजी, हा क्षय असू शकतो," खोकला ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "घाबरायचं नाही, औषधांनी बरा होतो. थुंकी तपासू, छातीचा फोटो काढू. पण एक सांगा, घरात लहान मूल आहे का? तुमच्याजवळ झोपतं?"

आता ही साफ नाही म्हणणार, असं शिंप्याला वाटलं.

"कालपासून तीही खोकतेय," बायको म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून रात्रभर तिचं तोंड छातीशी धरून बसले होते मी."

लेक बाहेर धावली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली जात राहिला. इतके दिवस शपथ पाळली, याचीच शिंप्याला शरम वाटली. डॉक्टरीणबाईंनी थुंकीची डबी पुढे केली, पण बायको ती हातात घेईना.

"पोरीला आणायला गेलीय ती," ती म्हणाली. "माझं मागाहून बघा. आधी तिला बघा."