शिवेची रेघ

मच्छिंद्रनं गेरूचा डबा खाली ठेवला आणि पहिल्या घरापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. ओढ्यावरच्या वस्तीत घरं एकसष्ट. त्यांतल्या बावन्न घरांच्या दारांना बाभळीचे काटे आडवे बांधलेले. उघडी नऊ. पेटलेल्या चुली सहा. तीन घरांतल्या म्हाताऱ्या शेजारणीकडं भाकरी खात होत्या. माणसं एकवीस: साठीपुढची सोळा, बाळंतिणी दोन, त्यांची तान्ही दोन आणि पायाला प्लास्टर घातलेला एक गडी. शेळ्या अकरा. हापसा एकही नाही.

दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीची ती नऊ तारीख होती, जनगणनेचा पहिला दिवस. वस्तीची बाकी माणसं गोदाकाठच्या कारखान्यावर ऊस तोडत होती. दिवाळी झाली की जायची, आणि पाडव्याच्या पुढं-मागं परतायची.

"काय मोजून राह्यला रे सकाळपसून?" वस्तीतल्याच म्हाताऱ्या नंदाबाई दारात डाळ निवडत बसल्या होत्या. "तूच तर जन्मला हितं. तुला ठावं न्हाई का कोण हाय न् कोण न्हाई?"

"ठावं असून भागत नाही, माय. लिहावं लागतं."

"मंग लिव्ह की समदी. नावं मी सांगते. पोराटोरांसकट."

मच्छिंद्रनं मान हलवली. नियम साधा होता. माणसाला त्याच्या राहत्या घरी लिहायचं. पण नऊ ते अठ्ठावीस या वीस दिवसांत तो तिथं एकदाही आला नसेल, तर तिथं लिहायचं नाही.

हा नियम त्याला सरकारी पुस्तिकेतून कळला नव्हता. दहा वर्षांपूर्वी याच वस्तीत, याच महिन्यात त्यानं तो ऐकला होता. तेव्हा तो अकरावीला होता. मोजणीला आलेले म्हातारे गुरुजी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून सगळी नावं लिहायला तयार होते. तेवढ्यात सावरगव्हाणचे सरपंच काकासाहेब बाजेवर येऊन बसले आणि म्हणाले, "गुरुजी, जे न्हाईत ते न्हाईत. नियम म्हंजे नियम." गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. वस्तीची माणसं भरली तेवीस. अडीचशे माणसांमागं एक हापसा असा हिशेब होता, आणि तेवीस माणसांना हापसा बसत नाही. वस्ती काकासाहेबांच्याच विहिरीवर पाणी भरत राहिली. त्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या. दोर धरून खाली उतरावं लागे. त्र्याण्णवच्या मे महिन्यात मच्छिंद्रची धाकटी बहीण बेबीनंदा उतरली, ती वर आलीच नाही. तिला चौदावं लागलं होतं.

पुढं मच्छिंद्र बी.एस्सी. झाला, सावरगव्हाणच्याच शाळेत मास्तर झाला, परतूरला खोली करून राहू लागला. काकासाहेबांना तो रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा. नमस्कारात कधी कमी-जास्त झालं नाही.

जनगणनेचं काम मिळाल्यावर डिसेंबरात त्यानं भूमी अभिलेख कार्यालयातून दोन गावांच्या नकाशांच्या नकला काढल्या. एक सावरगव्हाणचा, एक शेजारच्या दैठणखेड्याचा. दोन्ही एकाच मापाचे होते. त्यानं ते शिवेला शीव लावून जोडले, आणि वस्तीची घरं टिंबांनी मांडली. ओढा कधीकाळी वळला होता. वस्ती ओढ्याच्या अलीकडं होती, म्हणून सगळे तिला सावरगव्हाणची समजत आले होते. शीव मात्र ओढ्याबरोबर वळली नव्हती. ती जुन्या जागीच, दोन हद्दीच्या दगडांच्या मधून सरळ जात होती, आणि टिंबं तिच्या पलीकडं, दैठणखेड्यात पडली होती.

त्यानं नकाशांसह अर्ज केला. जानेवारीत तहसीलमधून आदेश निघाला: शिवेपलीकडील घरांची गणना दैठणखेडा गावाच्या स्वतंत्र नमुन्यात करावी, या घरांसाठी प्रगणक सावरगव्हाणचाच राहील. आदेशाची प्रत सरपंचाला द्यायची होती. मच्छिंद्र ती घेऊन गेला तेव्हा काकासाहेब फोनवर कापसाच्या गाडीबद्दल कुणाला तरी झापत होते. एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं त्यांनी पोचेवर सही केली.

"जनगणनेचं हाय ना? फळ्यावर लावून दे तिकडं," ते म्हणाले.

त्यानं लावली. पाणीपट्टीच्या यादीशेजारी ती अठरा दिवस होती. नंतर वाऱ्यानं गेली.

वीस फेब्रुवारीला काकासाहेबांनी त्याला घरी बोलावलं. चहा बशीत ओतून त्यांनी एक घोट घेतला.

"मास्तर, आपला आकडा किती झाला?"

"गावठाणात दोन हजार पाचशे सहासष्ट."

"आन् दैठणखेड्याचा?"

"तिथला प्रगणक वेगळा आहे. दोन हजार सातशे चाळीस म्हणतात."

काकासाहेबांनी बशी खाली ठेवली. जिल्हा परिषदेच्या गटाला त्यातल्या सगळ्यात मोठ्या गावाचं नाव मिळतं. तालुका परभणीतून जालन्यात आला तेव्हापासून हा गट सावरगव्हाण गट होता. मतपत्रिकेवर, बातमीत, पुढाऱ्याच्या भाषणात सावरगव्हाण. काकासाहेबांच्या दाराबाहेरच्या पाटीवरही तेच लिहिलं होतं, त्यांच्या नावाच्या वर.

"दैठणखेडा गट म्हनायचं का आम्ही आता?" ते म्हणाले. "पुढच्या इलेक्शनला? त्यांच्या गावातून सडक गेली म्हनून काय ते मोठे झाले? आपली कुलपं लागलेली घरं किती हायत?"

"त्रेचाळीस."

"मंग ती लिव्ह. माझी दोन पोरं हायत जालन्याला, मस्तगडात, सुना, नातवंडं. बाकीच्यांची औरंगाबादला, पुण्याला. घरं तर हितंच हायत ना त्यांची?"

"त्यांची मोजणी तिकडं झाली, काकासाहेब. तुमच्या नातवानंच सांगितलं मला, दारावर नंबर घातला म्हणून."

"अरे, पर गाव हे हाय ना त्यांचं!"

मच्छिंद्रनं कपातला चहा संपवला. कप बरोबर बशीच्या मधोमध ठेवला.

"जे नाहीत ते नाहीत, काकासाहेब."

काकासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. ते वाक्य कुणाचं होतं, हे त्यांना आठवलेलं दिसलं नाही.

"तुझ्या वस्तीचं काय?" त्यांनी विचारलं. "तिकडं तर ढिगानं माणसं हायत. ती कुठं मोजली जातेत?"

"कारखान्यावर. पण तिथं अजून मोजणी झालेली नाही, आणि त्यांचं राहतं घर इथंच आहे. अठ्ठावीसच्या आत घरी आली तर इथं लिहिता येतात."

"किती व्हतील?"

"तीनशे."

"तीनशे!" काकासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी बोटांवर बेरीज केली. "म्हंजे अठ्ठावीसशेच्या वर जातो की आपण. मुकादम कोण? रामकिसनच ना? त्याला मी बघतो. गाड्या माझ्या. दोन दिवस आणू, खाऊ-पिऊ घालू, परत सोडू. तू लिवशील ना पर बराबर? उगं पुस्तक काढून बसू नको."

"एकूण एक लिहीन," मच्छिंद्र म्हणाला.

"शाबास. पुंजारामाचं पोरगं हाय, इमानी असायचंच. तुझा बाप माझ्या शब्दाबाहेर गेला न्हाई कधी."

"नाही गेला," मच्छिंद्र म्हणाला, आणि पायात चपला घातल्या.

सत्तावीसला दुपारी तीन ट्रक ओढ्यापाशी थांबले. काळवंडलेली माणसं, पोरं, कोयते, पाण्याचे डबे खाली उतरले. बायकांनी दारांचे काटे बाजूला केले. बावन्न घरांतून एकदम धूर निघाला. काकासाहेबांनी झाडाखाली कढई लावली होती. बुंदी पाडायला परतूरचा आचारी आणला होता. धोतराचा सोगा खोचून ते स्वतः पंगतीतून फिरत होते.

"खा रे, लाजू नका! मास्तर, ती म्हातारी धरली का? आन् ते पाळण्यातलं? एक बी माणूस सुटू देऊ नको!"

"सुटणार नाही."

एक गडी पत्रावळीवरून मान न उचलता शेजाऱ्याला म्हणाला, "मालकाच्या हातची बुंदी! आता मरायला मोकळं." पंगत हसली. काकासाहेबही हसले आणि त्याच्या पानात आणखी एक मूठ टाकून गेले.

मच्छिंद्र पंगतीच्या टोकाशी पाटावर नमुने ठेवून लिहीत होता. नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं. प्रत्येक नमुन्याच्या कपाळावर गावाचा कोड होता. काकासाहेब दोनदा त्याच्या मागं येऊन उभे राहिले, नावांची रांग पाहून समाधानानं गेले. कोडचे आकडे वाचायची त्यांना गरज वाटली नाही.

अठ्ठावीसला दुपारपर्यंत साठ घरं झाली. राहिलं ते नंदाबाईंचं. वस्तीच्या या टोकाचं, गावाच्या बाजूचं शेवटचं. त्यानं नकाशा उलगडला. त्या घराचं टिंब रेघेच्या आतच बुडालं होतं. डिसेंबरात त्यानं ते पलीकडं धरलं होतं. पण नकाशावर पेन्सिलीची रेघ जेवढी जाड, तेवढ्यात जमिनीवर दहा-बारा फूट मावतात, हे त्याला माहीत होतं. एवढ्या फरकानं कुणी विचारायला येणार नव्हतं. तो नकाशाची घडी घालू लागला. अर्ध्यावर थांबला.

"माय, टेपचं टोक धर जरा."

"आता घर बी मोजतो का?"

त्यानं दोन हद्दीच्या दगडांमध्ये सुतळी ताणून खुंट्या ठोकल्या होत्या. नंदाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि टेपचं टोक उंबऱ्यावर दाबून बसल्या. मच्छिंद्र सुतळीकडं चालत गेला.

"कशाची दोरी ही?"

"शिवेची. हिच्या पलीकडची घरं दैठणखेड्यात लिहिली. साठही."

नंदाबाईंनी झाडाकडं पाहिलं. काकासाहेब उरलेली बुंदी पोरांना वाटत होते.

"त्यान्ला ठावं हाय?"

"सही आहे त्यांची."

"आन् हापसा?"

"तीनशेवर माणसं आहेत. नाकारता येणार नाही. पलीकडं बसेल."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "ह्ये बेबीसाठी केलं का त्वा?"

मच्छिंद्र टेपवर वाकला होता. त्यानं आकडा पाहिला, टेप सैल सोडला, पुन्हा ताणून पाहिलं.

"किती भरलं?"

"टोक बरोबर धरलंस ना? सरकलं नाही ना?"

"धरलंय मी. हिसके तू देऊन राह्यला."

तो परत आला आणि उंबऱ्याशी बसला. खिशातून पेन काढलं. दोन्ही गावांचे कोरे नमुने त्याच्या मांडीवर होते.

"माय, रेघेचाच फरक आहे. मी तुला पलीकडं लिहितो. तुझी सगळी माणसं तिकडंच आहेत."

"टेप काय म्हंतो?"

"अलीकडं. अकरा फूट सात इंच."

नंदाबाईंनी उंबऱ्यावरचा हात उचलला नाही.

"समद्यांला टेपानं लिवलं ना?"

"हो."

"मंग मला कशाला वायलं लिवतो?"

झाडाखालून काकासाहेबांची हाक आली. "मास्तर, झालं का समदं? गाड्या सोडायच्या हायत!"

"एक घर राहिलंय," मच्छिंद्र ओरडून म्हणाला, आणि त्यानं वरचा नमुना काढून घेतला.

पाच मार्चला, फेरतपासणीनंतर, त्यानं तहसीलमध्ये सारांश जमा केला. दैठणखेडा: तीन हजार बेचाळीस; पैकी ओढ्यावरची वस्ती, घरे साठ, माणसे तीनशे दोन. सावरगव्हाण: दोन हजार पाचशे सदुसष्ट, पैकी ओढ्यावरची वस्ती, घर एक, माणूस एक.