पहारेकऱ्याचं पोट

योटेबोरी शहरातल्या आमच्या बोट कंपनीचा तिकिटांचा सर्व्हर मेमरी भरून वरचेवर बंद पडू लागला, तेव्हा संशय आमच्यातल्या इल्वावर गेला, कारण तिचा प्रोग्राम सर्वांत नवा होता. स्वीडनमध्ये तोंडावर कुणी कुणाला चोर म्हणत नाही. कॉफीला तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली, एवढंच.

"सोमवारी तुझा प्रोग्राम काढतोय," आमचा साहेब स्तूरे म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस."

"काढ की. पण आधी एकेक बंद करून बघूया."

तिने स्वतःचाच आधी बंद केला. भरलेली मेमरी तसूभर हलली नाही. बाकीचेही बंद केले, तरी तेच. उरला स्तूरेचा, सगळ्यांच्या मेमरीवर पहारा ठेवणारा. तो बंद करताच मेमरी मोकळी झाली. कुणी किती खाल्लं याची प्रत्येक नोंद तो पोटात ठेवत होता आणि एकही सोडत नव्हता.

"संशयितांत हा प्रोग्राम कधीच कसा दिसला नाही?" इल्वाने विचारलं.

"संशयितांची यादी तोच करायचा ना," मी म्हणालो.



"तुझा राहू दे," स्तूरे इल्वाला म्हणाला. "माझ्या प्रोग्रामवर नजर ठेवणारा एक मीच लिहितो."